दुसरी चूल

‘ह्या चुलीपायी पंचायत आमाला दुसऱ्या घराची पट्टी लावते, सायेब,’ देवजी म्हणाला. ‘घर एक, छप्पर एक. पन चुली दोन, म्हनून घरपट्टी दोन. आमी मिठागरावरची गरीब मानसं, कुठून भरायची?’

जयदेव वकिलाने पडवीपलीकडच्या त्या धुरकट चुलीकडे पाहिलं आणि त्याचं डोकं सणकलं. एकोणसाठ सालापासून दर रविवारी तो भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडून खाडीपलीकडच्या मोरा बंदरात उतरायचा आणि आसपासच्या गावांतल्या गरिबांची पट्टीची भांडणं फुकट लढायचा. बायको म्हणायची, लष्कराच्या भाकरी भाजताय. म्हणू दे. गरिबाची चूल मोजून पैसा उकळणारी माणसं पाहिली की त्याला शिसारी यायची. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी औलाद, तो मनात म्हणाला.

चुलीशी एक बाई फुंकणीने जाळ करत होती. तिने उठून पाण्याचा तांब्या आणून ठेवला. हात मिठाने फुटलेले.

‘ह्या कोण?’

‘घरचीच हाय. गोजरा,’ देवजी म्हणाला.

‘आणि आजवर ही दुसरी पट्टी कोण भरत आलं?’

‘घरातलाच पैसा, सायेब. दुसरं कोन भरनार?’

कोर्टात हाच वकील साक्षीदाराला शंभर प्रश्न विचारून घाम फोडायचा. इथे त्याला दोन पुरेसे वाटले. राग आला की माणसाला चौकशी सुचत नाही.

‘पंचायतीचा कारकून पाहणीला यायच्या आत ही चूल मोडा. नाहीतर उद्या पट्टी थकली की घरावर जप्ती येईल.’

देवजीने लगेच मान डोलावली. गोजरा मात्र जागची हलली नाही.

‘मोडायलाच पायजे, सायेब?’

‘मोडाच. घाबरू नका, मी तुमच्याच बाजूचा आहे.’

‘मंग घर वाचंल?’

‘वाचेल. शब्द देतो.’

तिने जाळावर पाणी ओतलं आणि चुलीची माती हातांनीच फोडून काढली. गावच्या बायका शहाण्या असतात, जयदेवला वाटलं.

पाहणीला आलेला कारकून कुरकुरला, ‘वकीलसाहेब, घरात एकदा सगळ्यांना विचारून तरी बघा.’

‘काय विचारू?’ जयदेव कडाडला. ‘फुंकणीवरही पट्टी बसवायचीय का आता? तुमची किळस येते मला.’

कारकुनाने वही उघडली. जयदेवने स्वतःच्या हाताने जबाब लिहून दिला: या घरात चूल एक, कुटुंब एक, मालक देवजी. दुसऱ्या घराची नोंद खोडली गेली.

पुढच्या रविवारी देवजी कोंबडा घेऊन हजर. जयदेवने तो परत केला. फुकट म्हणजे फुकट. परतीच्या लाँचसाठी तो मोऱ्याच्या धक्क्यावर आला, तर तिथे गोजरा बसली होती. शेजारी एक बोचकं, त्यातून तव्याची कड बाहेर आलेली.

‘माहेरी का?’ त्याने हसून विचारलं.

‘भावाकडं. माजगावला.’

‘परत कधी?’

‘दिरानं घराभायेर काडलंय, सायेब. बोलला, वकिलानंच लिवून दिलंय, ह्या घरात एकच चूल, तुजा वाटा नाय.’

‘दीर? देवजी तुमचा दीर?’ जयदेव बोचक्याकडे पाहत म्हणाला. ‘पण ती दुसरी पट्टी... तिचा एवढा जाच...’

गोजराने फुटलेले हात पदराखाली घेतले.

‘जाच कसला? नवरा गेला तवा पंचांनी अर्धं घर माज्या वाटनीला दिलं, म्हनून तर ती चूल मांडली. तिची पट्टी मीच भरायची, मीठ वाहून. आनंदानं भरायची, सायेब. माज्या नावाचं तेवडंच होतं.’