वरची टाळी

रिकाम्या स्वयंपाकघरात नवरा-बायकोला हसू आवरत नव्हतं. घर मनात भरलं होतं, पण किती देऊ करायचे तेच ठरेना. मालक, ओब्रादआजोबा, बायको वारल्यापासून एकटेच राहणारे, अंगणात झाडाखाली वाट पाहत बसले होते.

“समज, मी म्हातारा,” म्हणत विदाने नवऱ्याचा, रादेन्कोचा, हात धरला. ड्रिना नदीकाठी सौदा असाच होतो. हात धरून घासाघीस करायची आणि आकडा जुळला की तिसऱ्याने वरून टाळी मारून हात सोडवायचे.

“तीस हजार युरो.”

“तिसात गोठा घे, बाळा.”

“पस्तीस.”

“कंजूष मेला.”

“बरं, अडतीस.”

दोघांच्या हातांवर वरून टाळी पडली.

खोलीत तिसरं कुणीच नव्हतं. तळवा मात्र उबदार होता. विदाला घाबरण्याऐवजी हसूच फुटलं. “घराला पसंत आहोत आपण.”

दोघं धावतच अंगणात आली. रादेन्कोने हात पुढे केला. आजोबांनी तो उलटा करून पाहिला. वर ताजं पीठ लागलं होतं. त्यांचा चेहरा उजळला.

“अडतीसला टाळी दिली ना तिने? आम्ही दोघांनी तोच आकडा धरला होता. झालं तर मग.” आणि रिकाम्या स्वयंपाकघराकडे वळून त्यांनी हाक दिली, “चार ग्लास आण गं.”

आत ग्लास किणकिणले.