नाजूक विषयाच्या धर्ममाता

आमच्या मेक्सिकोत कन्येच्या पंधराव्या वाढदिवसाची एकेक जबाबदारी एकेक धर्ममाता उचलते. आमच्या इत्सेलचा केक एकीने घेतला, बूट दुसरीने. वयात येणे, मुलांची संगत, गर्भधारणा हे विषय तिच्यापुढे काढण्याचे धैर्य आम्हा उभयतांत नव्हते, म्हणून तेही कार्य शेजारच्या ओब्दुलिया मावशींकडे सोपविले. निमंत्रणपत्रिकेत 'नाजूक विषयाच्या धर्ममाता' म्हणून त्यांचे नाव रीतसर छापले.

मावशींनी दार लावून तिला दोन तास समजावले. माझ्या पत्नीस या बाबतीत आजवर कोणीच काही सांगितले नव्हते, म्हणून तिने इत्सेलला हळूच विचारले, "काय गं, काय काय सांगितलं मावशींनी?"



इत्सेल लाजली. "इश्श, आई, असलं तुझ्याशी कसं बोलू? तुलाही एखादी धर्ममाता बघूया की."