नाकातलं वजन

"हात लावायच्या आधी धुऊन ये, दादा. रंग अजून कोवळा आहे."

दादाने मुकाट्याने हात धुतले. धाकट्याचं ऐकायची त्याची आयुष्यातली ही पहिलीच वेळ असावी. पण समोर टेबलावर त्याचं विमान उभं होतं. हवाई दलात तो उडवायचा तेच लढाऊ विमान, फक्त आता हातभर लांबीचं. शेपटीवर तोच क्रमांक, काचेच्या झाकणाखाली बारीक अक्षरांत त्याचंच नाव.

"अगं, हे बघ!" त्याने बायकोला जवळ ओढलंच. "शिडीवरून आत चढताना माझा बूट इथे घासायचा. बरोबर तिथलाच रंग उडवलाय पठ्ठ्याने! आणि ही तोफेमागची काजळी बघ. अगं, खुर्चीचे पट्टेसुद्धा केलेत!"

"वर्षभर खपतायत भावजी," वहिनी म्हणाली. "आणि तुम्ही त्यांच्या कामाला खेळणी म्हणायचात."

"म्हणायचो. आता नाही म्हणणार." दादा लहान पोरासारखा हसला.

धाकटाही हसला. हे टेबल आहे त्या जागी पूर्वी आईचा पलंग होता. अर्धांगवायूने तिची वाचा गेली तेव्हा धाकट्यानेच तिच्या धडधाकट हाताला पितळेची घंटी बांधून दिली होती, अंगठ्याच्या पेराएवढी. आई मनगट हलवायची. कधी पाण्यासाठी, कधी नुसतीच, घरात कोणी आहे ना ते बघायला.

"ठेवणार कुठे?" त्याने विचारलं. त्याला माहीत होतं, तरी विचारलं.

"यांच्या उशाशी!" वहिनी म्हणाली. "पलंगाच्या पाठीलाच फळी ठोकून घेतलीय. मी म्हटलं, बाहेरच्या खोलीत ठेवू, चार माणसं बघतील. तर नाही. डोळे उघडल्यावर पहिलं तेच दिसायला हवं म्हणे. आणि फळी तरी कसली? जरा कूस बदलली की हलते. एक तर यांची झोप ही अशी, टाचणी पडली तरी जागे."

"नोकरीची सवय ती," दादा ऐटीत म्हणाला.

"माहीत आहे मला," धाकटा म्हणाला.

दादाने विमान दोन्ही हातांनी उचललं, डोळ्यांसमोर धरलं, एका पंखावर कलवलं आणि खोलीतल्या खोलीत झोकात वळण घेतलं. आत काहीतरी किणकिणलं.

तो थांबला. "आत काहीतरी सुटलंय रे."

"सुटलं नाही, टांगलंय. या विमानाचं नाक हलकं असतं. वजन घातलं नाही तर ते चाकांवर उभं राहत नाही, शेपटीवर बसतं. सगळे शिसं भरतात. मी शिसं जरा कमी भरलं आणि उरलेल्या जागेत आईची घंटी टांगली."

"अगबाई!" वहिनीच्या डोळ्यांत पाणीच आलं. "काय सुचलं हो तुम्हाला! आईंचा आशीर्वादच की हा."

दादाने विमान सरळ, न हलवता धरलं.

"घंटीतला कापूस काढून टाकलाय मी," धाकटा म्हणाला.

"कसला कापूस?" वहिनीने विचारलं.

आई गेली त्या दुपारी धाकटा दाढ काढायला गेला होता आणि तेवढ्यापुरता दादा आईजवळ थांबला होता. धाकटा परत आला तर आई अर्धी पलंगाखाली, गार पडलेली, आणि दादा शेजारच्या खोलीत दार लावून झोपलेला. "शांतपणे गेली, घंटीसुद्धा वाजवली नाही," असं दादा येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता. आईच्या मनगटावरची गाठ सोडताना धाकट्याला दिसलं. घंटीच्या तोंडात औषधाच्या डब्यातला कापूस घट्ट कोंबला होता. दादाला झोप हवी होती.

धाकटा तेव्हा मूग गिळून बसला. बोलला असता तर दादा रडला असता, पाया पडला असता, आणि लोकांनी उलट त्यालाच पोटाशी धरलं असतं. इतक्या स्वस्तात त्याला सोडायचं नव्हतं.

"काढ ती," दादा म्हणाला.

"निघत नाही आता. सांधा बुजवून, घासून वर रंग दिलाय. नाक फोडावं लागेल."

"मग फोड."

"अहो, वेडबिड लागलंय का?" वहिनीने विमान त्याच्या हातातून काढूनच घेतलं. "जीव ओतून केलंय त्यांनी. आईंची वस्तू आहे आत, आणि फोड काय? रविवारी सगळे बघायला येणार आहेत. काय सांगणार आहात त्यांना?"

दादाने धाकट्याकडे पाहिलं. धाकटा चिंधीने ब्रश पुसत होता. त्याला बरं वाटत होतं. आई गेल्यापासून इतकं बरं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"बाहेरच्या खोलीत ठेवू आपण," दादा म्हणाला.

"वा! मग फळी कशाला ठोकलीत? उशाशीच राहील ते. रोज मी स्वतः पुसत जाईन." वहिनीने विमानाखाली टॉवेल धरला आणि ती जपून जिना उतरू लागली.

पायरीगणिक घंटी वाजत होती. दादा दारातच थांबला होता.

"जा दादा," धाकटा म्हणाला. "आई बोलावतेय."