रंगूनचं तळघर

"तू हलू नकोस, इंदू. मी पाणी घेऊन आलेच."

रंगूनवर बॉम्ब पडत असताना धाकट्या बहिणीला असं सांगून सुलभाताईंच्या सासूबाई तळघरातून वर गेल्या. पळणाऱ्या लोंढ्याने त्यांना माघारी फिरूच दिलं नाही. पुढे जन्मभर त्या जेवणाआधी इंदूचा घास काढून ठेवत. मरताना त्यांनी सुलभाताईंकडून वचन घेतलं, "सूनबाई, तिला घेऊन ये गं."

आज त्याच तळघरात, युद्धातला काळोख कळावा म्हणून, गाईडने दिवे घालवले. सुलभाताईंचा पदर कुणीतरी घट्ट धरला. दिवे लागले तेव्हा जवळ कुणीच नव्हतं, पण पदर ताणलेलाच होता.

"काकू, चला! का इथेच पूजा मांडताय?" गाईड हसला.

"आलो हो दोघी," असं हळूच म्हणून त्या लहान पावलांना झेपेल अशा बेताने पायऱ्या चढू लागल्या.