दूध तोडायचा वार

"लाव. तो उठायच्या आत लाव," सासूने हिरव्या लगद्याची वाटी पुढे सरकवली.

वार्तिनीने गाऊनची बटणं सोडली, पुन्हा लावली. "आज राहू द्या ना, म्बाह. त्याचं नाक वाहतंय."

"त्याचं नाक कुठल्या दिवशी वाहत नाही?" लहानग्या दामारची आजी म्हणून सगळी गल्ली तिला म्बाहच म्हणे, सूनही. "वार मी ठरवलेला नाही. तो जन्मला तो शनिवार आज आहे, पाच बाजारवारांतल्या त्याच्याच वाराशी जुळलेला. पुन्हा असा शनिवार यायला महिन्याच्या वर जाईल. तोवर तुझं पोट दारात मावणार नाही."

ब्रोतोवालीचा वेल त्यांच्या कुंपणावरच होता. ताप आला की त्याचा काढा, अंगाला खाज सुटली की त्याचंच पाणी, आणि आईला पुन्हा दिवस गेले की मोठ्याचं दूध तोडायलाही तोच. कडू म्हणजे इतका कडू, की वाटणाऱ्याला त्या हाताने दिवसभर घास गोड लागू नये. म्हातारीने तो सकाळीच पाट्यावर वाटला होता.

"तुमच्या मुलाचं कधी तोडलंत?" वार्तिनीने विचारलं.

"साडेतीन वर्षं प्यायला गाढव. पण त्याच्या पाठीवर कोणी नव्हतं."

वार्तिनीला पाचवा महिना होता. पाठ धरायची, दूध आटत चाललं होतं आणि दोन वर्षांचा दामार दात लावून ओढायचा. तोडायला हवं हे तिलाही पटत होतं. भीती होती ती वेगळीच. मागच्या घरातल्या थोरलीला सांगितलं होतं, दूध आता बाळाचं. बाळ आलं आणि त्या पोरीने चिमटे काढून काढून त्याचे दंड काळेनिळे केले. अजून त्या दोघांना एका खोलीत ठेवत नाहीत. म्हणून वार्तिनीने सासूकडून कबूल करून घेतलं होतं: बाळाचं नावही काढायचं नाही. कडू झालं, एवढंच म्हणायचं.

तिने बिस्मिल्ला म्हणून लगदा लावला आणि आंबवायच्या टेंपेच्या वड्या बांधायला बसली. उकडलेलं सोयाबीन केळीच्या पानात घालायचं, पान दुमडायचं, काडी टोचायची. हात चालू होते, कान आतल्या खोलीकडे.

दामार डोळे चोळत आला. पानांच्या ढिगावरून सरळ चालत आईच्या मांडीवर चढला आणि आपल्या हाताने बटण सोडू लागला. ही विद्या त्याला चालण्याच्याही आधी आली होती.

"दुदू," म्हणाला, आणि तोंड लावलं.

लगेच मागे सरला. तोंड वाकडं झालं, जीभ बाहेर आली. ती त्याने आईच्या बाहीला पुसली. मग दुसरीकडे लावून पाहिलं. तिथेही तेच. तेव्हा कुठे त्याने मान वर करून तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"बू, कडू," तो आईला म्हणाला.

"हो रे राजा. कडू झालं."

तिला त्याच्याकडे बघवेना. आजवर त्याने जे मागितलं ते या मांडीवर मिळालं होतं, आणि आज इथेच त्याला फसवलं होतं.

"ये, ये," म्हातारी उकडलेलं अंडं सोलत आली. "हे घे. आजपासून माझा बाबा मोठा झाला."

दामारने अंड्याला असा फटका मारला की ते थेट कोंबड्यांत जाऊन पडलं. मग त्याने जमिनीवर अंग टाकलं आणि जे भोकाड पसरलं, ते ऐकून शेजारची बाई कुंपणाशी आली आणि आजचा वार आठवून काय ते समजून परत गेली. वार्तिनीचा हात ओल्या फडक्याकडे गेला. म्हातारीने फडकं पायाने लांब ढकललं.

"पुसलंस तर सगळं मुसळ केरात. रडू दे."

"म्बाह, तो काळानिळा होतोय."

"रडून कोणी मेलेलं नाही." पण म्हातारीचाच धीर सुटत चालला होता. तिने त्याला उचलायला पाहिलं, त्याने पाय झाडले. तिने खुळखुळा वाजवला, त्याने तो हिसकून फेकला. शेवटी ती खेकसली, "पुरे रे! ते आता तुझं नाहीच मुळी! आईच्या पोटातल्या बाळाचं आहे ते!"

"म्बाह!" वार्तिनी ओरडली. "काय ठरलं होतं आपलं?"

म्हातारीने जीभ चावली. "गेलं गं तोंडातून."

दामारचं रडणं थांबलं. हुंदके देत तो उठून बसला. एकदा आजीकडे पाहिलं, मग आईच्या पोटाकडे. पोटात बाळ आहे हे त्याला कधीपासून ठाऊक होतं. रात्री झोपताना तो त्यावर हात ठेवायचा. आता तो मुठी आवळून आला, तशी वार्तिनीने दोन्ही हात पोटावर घेतले. स्वतःच्या पोरापासून आपण पोट झाकतोय, हे लक्षात येऊन तिला रडू फुटलं. पण तिने हात काढले नाहीत.

त्याने तिचं एक बोट धरून ओढलं. मग दुसरं. "सोड, बू."

"मारायचं नाही हं, सोन्या. बाळ लहान आहे."

त्याने ऐकलं नाही. हात बाजूला झाला तेवढ्या जागेत त्याने तोंड घातलं, पार गाऊनला नाक चिकटवून.

"बाळ!" तो म्हणाला. "दुदू नको पिऊ. कडू आहे. थू कर, थू!"

मग त्याने पोटाला कान लावला आणि वाट पाहिली. आतून काहीच उत्तर येईना, तेव्हा त्याने पुन्हा तोंड लावलं आणि आणखी मोठ्याने ओरडून सांगितलं.