अर्धवट दार

वाल्मिकच्या टॅक्सीत शेजारची सीट रिकामी असली, तरी सीटबेल्टची टुणटुण वाजायची. गॅरेजवाल्याने सेन्सर बदलला, वायरी तपासल्या. काही फरक पडला नाही.

बायको होती तेव्हाही टुणटुण वाजायचीच. कडोदऱ्याच्या साडी कारखान्यापर्यंत प्रमिला रोज शेजारी बसून जायची आणि पट्टा नुसता हातात धरून ठेवायची. "उतरनंच शे ना आते," म्हणायची. उतरल्यावर दारही इतकं हळूच लोटायची, की ते अर्धवट राहायचं. वाल्मिक कुरकुरत वाकून पुन्हा लावायचा.

दिवाळीनंतर ती वारली. टुणटुण राहिली. पॅसेंजर वैतागून अ‍ॅपवर स्टार कापू लागले, चांगल्या राइड मिळेनाशा झाल्या.

आज कतारगामच्या सिग्नलला मागची बाई ओरडली, "भाई, आ अवाज बंद करो ने!"

वाल्मिकचं डोकं सटकलं. रिकाम्या सीटकडे वळून तो खेकसला, "उतर आते! खाले उतर!"

टुणटुण थांबली.

सिग्नल सुटला. मागून हॉर्न वाजू लागले. वाल्मिकला गाडी हलवता येईना. समोर डॅशबोर्डवर दार उघडं असल्याचा लाल दिवा लागला होता.

शेजारचं दार कुणीतरी हळूच लोटलेलं होतं.