मधात कोणी नाही

नव्या रायपुरातल्या क्वार्टरमध्ये रणजित दुसऱ्या बायकोसोबत, मंजिरीसोबत, फोटोला उभा राहिला. फोटोग्राफरनं कॅमेऱ्याचा छोटा फ्लॅश मारला, पण मंजिरीच्या बाजूचा स्टँडवरचा मोठा फ्लॅश काही पेटला नाही. तीनदा तेच.

"बॅटरी गेली काय, भैया?" रणजितनं विचारलं.

"नाही जी. कॅमेऱ्याचा उजेड दिसला का तो आपोआप पेटते. मधात कोणी आलं तरच नाही पेटत."

मधात तर कोणीच नव्हतं. मंजिरीनं गळ्यातला टाक मुठीत धरला. रणजितच्या वारलेल्या पहिल्या बायकोच्या नावाचा तो चांदीचा टाक सासूबाईंनी सकाळीच तिच्या गळ्यात घातला होता.

"ताई," ती हळूच म्हणाली, "जरा सरकता का?"

मोठा फ्लॅश लख्ख पेटला. रणजितनं दचकून आपल्या दुसऱ्या, रिकाम्या खांद्याकडे पाहिलं.